ताऱ्यांच्या गर्दीत लपलेलं कृष्णविवर सापडतं कसं?

नरतुरंग तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर एनजीसी ४९४५ ही दीर्घिका आहे. तिच्या मध्यभागी नवे तारे झपाट्याने जन्माला येत आहेत. अशा दीर्घिकांना 'स्टारबर्स्ट' म्हणतात. दृश्य प्रकाशात पाहिलं तर तिथे ताऱ्यांच्या जन्माचीच लगबग दिसते. प्रत्यक्षात तिथे सूर्याच्या सुमारे १४ लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे आणि ते भोवतालचा वायू गिळतंय.

मग ते दिसत का नाही? कृष्णविवर स्वतः काही प्रकाश देत नाही. चमकतो तो त्यात पडताना तापलेला वायू. पण इथे त्याच्याभोवती वायू आणि धुळीचा प्रचंड जाड थर आहे. शिवाय तरुण तारेही आसपासचा वायू तापवतात, सुपरनोव्हांचे अवशेष क्ष-किरण सोडतात. म्हणजे नुसती चमक दिसली म्हणून कृष्णविवर सापडलं, असं म्हणता येत नाही.

इथे कामी आले ते जास्त ऊर्जेचे क्ष-किरण. दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढतात ना, साधारण त्याच ऊर्जेचे. कमी ऊर्जेचे क्ष-किरण या थरातच अडकतात, पण हे काही प्रमाणात आरपार येतात. जपानच्या 'गिंगा' उपग्रहाने ते टिपले आणि १९९३मध्ये लपलेल्या कृष्णविवराचा पुरावा प्रसिद्ध झाला.

त्याहून बोलका पुरावा म्हणजे या किरणांची तीव्रता अगदी थोड्या काळात कमी-जास्त होते. शेकडो प्रकाशवर्षं पसरलेले तारे एका सुरात असे लुकलुकू शकत नाहीत. स्रोत अगदी छोटाच हवा. वस्तुमान कळलं ते मात्र वेगळ्या वाटेने, केंद्राभोवती फिरणाऱ्या वायूतल्या पाण्याच्या रेणूंच्या रेडिओ लहरींवरून.

तरी फसगत होतेच. एम८२ या दुसऱ्या स्टारबर्स्ट दीर्घिकेतला, केंद्रापासून जरा बाजूचा एक प्रखर स्रोत कृष्णविवर असावा, असं मानलं जात होतं. २०१४मध्ये 'नुस्टार' दुर्बिणीला त्यात दर १.३७ सेकंदाला ठोका दिसला. कृष्णविवर असे नियमित ठोके देत नाही. तो निघाला न्यूट्रॉन तारा!

एवढा खटाटोप कशासाठी? आकाशात सगळीकडून क्ष-किरणांचा एक मंद उजेड येतो. त्यातल्या जास्त ऊर्जेच्या किरणांचा हिशेब उघड दिसणाऱ्या कृष्णविवरांवरून लागत नाही. अशी झाकलेली कृष्णविवरंही त्यात धरावी लागतात.