विजेच्या गिटारचा कान : पिकअपची ओळख आणि दुरुस्ती

तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे तिचा कंप घोडीवरून तबलीवर उतरतो, भोपळ्यांतील हवा घुमूं लागते आणि सारी खोली स्वरानें भरून जाते. विजेच्या गिटारला असा भोपळा नाहीं. तिचें अंग बहुधा भरीव लाकडाचें असतें; ध्वनिवर्धकाला न जोडतां ती वाजविली, तर शेजारच्या खोलींतहि ऐकूं जात नाहीं. मग सभागृह दणाणून टाकणारा तिचा आवाज येतो कोठून? तारांच्या खालीं बसविलेल्या बोटाएवढ्या लांबीच्या एका लहानशा पेटींतून. वादक तिला पिकअप म्हणतात. तिला गिटारचा कान म्हणावयास हरकत नाहीं. मात्र हा कान हवेंतील आवाज ऐकत नाहीं, तो पोलादी तारेची हालचाल ओळखतो.

या कानाची रचना मुळांत साधी आहे. लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. ही तार केसासारखी बारीक, सुमारें ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. चुंबकाच्या सान्निध्यानें वरची पोलादी तारहि किंचित् चुंबक बनते. ती कंप पावूं लागली कीं वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र कमीअधिक होतें, आणि १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें दाखवून दिल्याप्रमाणें वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. तारेचे सेकंदास ११० कंप होत असतील तर विजेचीं आंदोलनेंहि तितकींच होतात. ध्वनिवर्धक तीं मोठीं करून ऐकवितो. तारा नायलॉनच्या असतील तर हा कान ठार बहिरा ठरतो. नायलॉनच्या तारांचाहि आवाज येत असेल, तर घोडीखालीं दाबानें वीज देणारा स्फटिक बसविला आहे असें समजावें. तो पिकअप निराळ्याच जातीचा.

या युक्तीचा जन्म अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें झाला. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन गिटार त्या काळीं लोकप्रिय होती, पण वाद्यवृंदांत तिचा आवाज बुडून जाई. १९३१ सालीं जॉर्ज बीचम यानें घोड्याच्या नालाच्या आकाराचे दोन चुंबक आणि एक वेटोळें यांच्या साह्यानें तिला वाचा दिली. अडॉल्फ रिकनबॅकर याच्या कारखान्यांत ती ॲल्युमिनियमची ओतली गेली, आणि आकारावरून तिला तळण्याचा तवा असें नांव पडलें. बीचमला पेटंट मिळालें तें १९३७ सालीं. पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनीं विजेच्या गिटारवर वाजविलेल्या चालींच्या तबकड्या घरोघर ऐकल्या गेल्या. त्या आवाजाचा वंश याच तव्यापर्यंत पोंचतो.

परंतु या कानाला एक खोड जन्मजात आहे. चुंबकीय क्षेत्रांतील कोणताहि चढउतार तो टिपतो; मग तो तारेमुळें झालेला असो, कीं घरांतील विजेच्या प्रवाहामुळें. हिंदुस्थानांत हा प्रवाह सेकंदास ५० वेळां आंदोलित होतो, अमेरिकेंत ६० वेळां. त्यामुळें एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमधून वादन थांबलें तरी भुंग्यासारखी गुणगुण चालूच राहते. गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें १९५५ सालीं यावर उपाय काढला. त्यानें शेजारीं शेजारीं दोन वेटोळीं ठेविलीं, दुसऱ्याच्या वेढ्यांची दिशा उलटी केली आणि त्याच्या चुंबकाचें टोकहि उलटें घेतलें. बाहेरून येणाऱ्या गुणगुणीला फक्त वेढ्यांचा उलटेपणा लागूं पडतो. म्हणून दोन वेटोळ्यांतील गुणगुण परस्परविरुद्ध होऊन मावळते. तारेच्या कंपाला मात्र दोन्ही उलटेपणा लागतात, आणि उलट्याचें उलटें सुलटेंच होतें. म्हणून स्वर एकमेकांत मिळून वाढतो. या जोड पिकअपला हंबकर म्हणतात.

आतां हातीं असलेल्या गिटारमधील पिकअप कोणता, हें ओळखावें कसें? प्रथम डोळ्यांनीं पाहावें. अरुंद पेटींतून सहा गोल दांड्यांचीं टोकें दिसत असतील, तर तो बहुधा फेंडर पद्धतीचा एकेरी पिकअप; या दांड्याच चुंबक असतात. १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरमध्यें असे तीन पिकअप होते. रुंद, साबणाच्या वडीसारखी पेटी आणि मधोमध सहा स्क्रू असतील, तर तो १९४६ सालीं पुढें आलेला गिब्सनचा पी-९० असावा. तोहि एकेरीच, पण त्याचे चुंबक तळाशीं आडवे निजविलेले असतात. दोन ओळी शेजारीं शेजारीं दिसल्या, अथवा धातूच्या चकचकीत झांकणावर एका कडेला सहा स्क्रू दिसले, तर तो हंबकर.

तथापि वेषावरून माणूस ओळखूं नये तसा झांकणावरून पिकअपहि ओळखूं नये. एकेरीच्या अरुंद पेटींत दोन वेटोळीं एकावर एक रचलेलीं आढळतात, तर हंबकरच्या झांकणाखालीं एकच वेटोळें निघतें. चिठ्ठीवरहि विसंबतां येत नाहीं. गिब्सनच्या पहिल्या हंबकरांच्या तळाशीं ‘पेटंटसाठीं अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असे, आणि त्या पिकअपांना आज मोठी किंमत येते. पेटंट मिळाल्यानंतरच्या चिठ्ठीवर जो क्रमांक छापला गेला, तो हंबकरचा नव्हताच. तो लेस पॉल याच्या तारा अडकविण्याच्या पट्टीचा होता! खुद्द कारखान्याच्या चिठ्ठीची ही गत. मग बाजारांतील चिठ्ठ्या खोट्या छापणें किती सोपें, हें सांगावयास नको.

म्हणून दुसरी परीक्षा मल्टिमीटरची. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचा रोध बहुधा साडेपांच ते साडेसहा हजार ओहम भरतो. जुन्या घडणीच्या हंबकरचा सात ते नऊ हजार. गिटार न उघडतां, वायरीच्या दुसऱ्या टोकाशींहि हें माप घेतां येतें. तेव्हां आवाजाची फिरकी पूर्ण उघडी ठेवावी, आणि फिरकीचा रोध समांतर येत असल्यानें आंकडा थोडा कमी दिसेल हें ध्यानांत धरावें. सात हजारांचा पिकअप अडीच लाखांच्या फिरकीमागें सुमारें ६,८०० दाखवितो. शिवाय आंकडा मोठा म्हणजे पिकअप बलवान् असेंहि नाहीं. तार अधिक बारीक वापरली तरी रोध वाढतो. जेथें नऊ व्होल्टची बॅटरी बसविलेली असते, तेथें तर हें माप निरर्थकच ठरतें. चुंबकाच्या टोकाची दिशा लहान होकायंत्र जवळ नेल्यास कळते. पिकअपमधून दोनच वायरी निघतात कीं चार, हेंहि पाहावें. चार असतील तर हंबकरचीं दोन्ही वेटोळीं स्वतंत्रपणें जोडतां येतात.

ओळख पटली म्हणजे मगच बदलाचा विचार करावा, आणि तोहि पायरीपायरीनें. पहिली पायरी फुकटची आहे. पिकअपच्या दोन्ही कडांचे स्क्रू फिरवून त्याची उंची बदलतां येते. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरली असतां तिच्यांत आणि फेंडर पद्धतीच्या चुंबकांत दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असावें. पिकअप फार जवळ आणला तर आवाज वाढतो खरा, पण चुंबक तारेला ओढूं लागतो. स्वर डळमळतो आणि वादकाला वाटतें, कीं आपल्या गिटारचें लाकूडच बिघडलें. कित्येक निर्दोष पिकअप केवळ या गैरसमजापायीं काढून टाकले जातात.

दुसरी पायरी फिरक्यांची आणि कंडेन्सरची. एकेरी पिकअपला अडीच लाख ओहमची आणि हंबकरला पांच लाखांची फिरकी देण्याचा प्रघात आहे. रोध कमी केला तर तीव्र नाद दबून आवाज मऊ होतो, वाढविला तर तो उजळतो. थोड्या पैशांत स्वभाव बदलणारा हा उपाय महागडा पिकअप घेण्यापूर्वीं करून पाहण्याजोगा आहे.

तिसरी पायरी जोडणीची. चार वायरींच्या हंबकरमधील एक वेटोळें बंद केलें तर एकेरीसारखा पातळ, स्वच्छ आवाज मिळतो. पण गुणगुणहि परत येते. दोन पिकअपांपैकीं एकाच्या वायरी उलट्या जोडल्या, तर दोन्ही एकदम वाजवितांना खर्जाचा भरणा नाहींसा होऊन नाकांतून आल्यासारखा करुण स्वर निघतो. बहुधा ही चूकच असते; परंतु पीटर ग्रीन या इंग्रज वादकाच्या लेस पॉल गिटारमध्यें एका पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता, आणि त्यांतून निघणाऱ्या आवाजानेंच ती गिटार जगप्रसिद्ध झाली. ज्याच्या धातूच्या झांकणाला एक वायर जोडलेली असते, अशा पिकअपच्या वायरी मात्र सरळ उलट्या करूं नयेत. झांकणाची जोडणी आधीं वेगळी करावी, नाहीं तर झांकणाला बोट लागतांच खरखर ऐकूं येईल.

मोठ्या आवाजांत पिकअप शीळ घालूं लागला, तर वेढे सैल होऊन स्वतःच कंपित होतात असें समजावें. त्यावर मेणाचा उपाय आहे. पॅराफिन आणि थोडें मधमाश्यांचें मेण एकत्र करून तें गरम पाण्यांत ठेविलेल्या भांड्यांत ६० ते ६५ अंशांपर्यंत वितळवावें आणि पिकअप त्यांत बुडवावा. मेण आंत झिरपून वेढे जखडून टाकतें. उघड्या ज्वाळेवर मेण ठेवणें म्हणजे आगीला आमंत्रण. अमेरिकन वादक एडी व्हॅन हेलन यानें गिब्सनचा हंबकर फेंडर घडणीच्या गिटारमध्यें बसवून त्याला असाच मेणाचा लेप दिला होता. १९७८ सालच्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर जगभरच्या तरुणांनीं पेंचकस हातीं घेतले.

परंतु येथेंच थांबून विचार करावयास हवा. वरील बहुतेक बदल मागें फिरवितां येतात. वेढे उकलून नव्यानें गुंडाळणें मात्र मागें फिरत नाहीं. मल्टिमीटरनें रोध अनंत दाखविला, म्हणजे तार कोठें तरी तुटली आहे. अशा वेळीं पिकअप मेला असा निकाल घाईनें देऊं नये. पुष्कळदां ती तार बाहेरच्या टोंकाशीं, जाड वायरीला जोडलेल्या जागींच तुटलेली असते. कुशल कारागीर भिंगाखालीं डाखाचा एक बारीक ठिपका देऊन ती पुन्हां सांधतो. तेवढा धीर न धरतां वेटोळें कापून काढलें, तर पन्नास-साठ वर्षें बोललेला एक आवाज कायमचा जातो. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा, आणि जोडणीचें चित्र सुरुवातीलाच काढून घ्यावें.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. पिकअपमधील वीज इतकी क्षीण असते, कीं तिच्यापासून अपाय नाहीं. पण गिटारच्या तारा वायरीमार्गें ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे हा वादक रंगमंचावरच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. त्यानें हात लाविलेला मायक्रोफोन जमिनीशीं जोडलेला नव्हता. म्हणून ध्वनिवर्धकाच्या प्लगची जाड तिसरी कांडी कधींहि काढूं नये, आणि ध्वनिवर्धकाचें अंतरंग जाणत्यावांचून कोणी उघडूं नये.

मिरजेचा कारागीर जवारी काढतांना घोडीचा पृष्ठभाग थोडासा घासतो, तार छेडून ऐकतो, आणि पुन्हां थोडासा घासतो. त्याचा हात हलण्यापूर्वीं कान हललेला असतो. विजेच्या गिटारला हात घालणाऱ्यालाहि तोच शिरस्ता लागूं आहे. आधीं ऐकावें, मग मोजावें, आणि सर्वांत शेवटीं पेंचकस उचलावा.