रिकाम्या पिकअपचा पाटा का तुटतो?

भिगवणची मासळी, इंदापूरचं डाळिंब, सुप्याकडचा कांदा. आपल्या भागात पिकअपला उसंत नाही. माल उतरवून रिकामी येताना स्पीडब्रेकरवर 'खट्' होतं आणि मागच्या स्प्रिंगचा पाटा गेलेला! शिव्या खड्ड्याला. खरं तर चीर आधीच पडलेली असते. ओव्हरलोडनं ती वाढत जाते. पाटा बऱ्याचदा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. यू-बोल्ट ढिले झाले की ताण तिथेच येतो. तुटलेल्या तोंडावर जुना गंज दिसला तर समजा, दुखणं जुनं आहे. वेल्डिंग अजिबात नको, उष्णतेनं पोलादाचा टेम्पर जातो. नवा पाटा बसवल्यावर थोडी गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. आणि गाडी एका बाजूला कललेली दिसली, तर माल भरण्याआधी खाली वाकून बघा राव!