हार्कींचं काय झालं?

१९ मार्च १९६२ रोजी अल्जीरियात युद्धविराम झाला. फ्रेंच सत्तेविरुद्ध १९५४ पासून चाललेल्या त्या स्वातंत्र्ययुद्धात सुमारे दोन लाख स्थानिक मुस्लिम फ्रेंच सैन्याचे साहाय्यक म्हणून लढले होते. त्यांना हार्की म्हणत. कोणी पगारासाठी आला, कारण घरात खायला नव्हतं. कोणाचा भाऊ बंडखोरांनी मारला होता. कोणाच्या गावाला सैन्याने दुसरा मार्गच ठेवला नव्हता. त्यांना सरसकट गद्दार ठरवणाऱ्यांना आणि सरसकट देशभक्त म्हणणाऱ्यांना, दोघांनाही ही खेडी दिसत नाहीत.

युद्धविराम ज्याने झाला त्या एव्हियाँ इथल्या करारात लिहिलं होतं की, युद्धविरामापूर्वीच्या कृत्यांबद्दल किंवा मतांबद्दल कोणालाही त्रास होणार नाही. या शब्दावर विसंबून फ्रान्सने हार्कींची शस्त्रं काढून घेतली. नियमित सैन्यात भरती, सहा महिन्यांचं कंत्राट किंवा काही रक्कम घेऊन घरी जाणं, असे पर्याय दिले. बहुतेकांनी रक्कम घेतली आणि गाव गाठलं.

मे महिन्यात सेनामंत्री पिएर मेस्मेर आणि अल्जीरियाचे कामकाज पाहणारे मंत्री लुई जोक्स यांचे आदेश सुटले: अधिकृत योजनेबाहेर हार्कींना फ्रान्समध्ये आणू नये, जे अधिकारी आणतील त्यांच्यावर कारवाई होईल. तरीही काही अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांना बोटीत चढवलं. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते हे अधिकारी. वाचवणं अशक्य होतं, ही सबब त्यांनी खोटी पाडली.

जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि सूडाला ऊत आला. किती हार्की मारले गेले, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. अंदाज काही हजारांपासून अनेक दशसहस्रांपर्यंत जातात. फ्रेंच सैन्य तेव्हा अल्जीरियातच होतं, पण हस्तक्षेप करू नये असा हुकूम होता. कालपर्यंत हे लोक कायद्याने फ्रेंच नागरिक होते. २१ जुलैच्या अध्यादेशाने त्यांना ते नागरिकत्व टिकवायला फ्रान्समध्ये येऊन अर्ज करणं भाग पाडलं. आणि फ्रान्समध्ये येण्याची वाट तर आधीच अडवलेली.

तरी कुटुंबांसह सुमारे ९० हजार जण पोहोचले. त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला छावण्या आल्या. रिव्हसाल्तच्या छावणीत दोन वर्षांत वीस हजारांहून अधिक जण राहून गेले. दुसऱ्या महायुद्धात याच जागी ज्यूंना डांबलं होतं. बियासच्या छावणीत टपाल फोडलं जाई, कुटुंबांचे सरकारी भत्ते छावणीच्या खर्चाला वळवले जात. १९७५ मध्ये तिथल्या तरुण पिढीने उठाव केला, तेव्हा कुठे उरलेल्या फ्रान्सला ही माणसं दिसली.

हाच प्रश्न पुन्हा अफगाणिस्तानात उभा राहिला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती पडलं. विमानतळाच्या फाटकाबाहेर अमेरिकी सैन्यासाठी काम केलेल्या दुभाष्यांची रीघ लागली. अमेरिकी व्हिसासाठी त्यांना नोकरीचा दाखला आणि वरिष्ठाचं शिफारसपत्र लागत होतं, आणि असा कागद तालिबानच्या हाती पडला तर जिवावर बेतणार होतं. पाचच आठवड्यांनी, २० सप्टेंबरला, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी हार्कींची माफी मागितली. माझं म्हणणं इतकंच आहे की, आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्यांना वाचवण्याचं कर्तव्य माघारीच्या आधी पार पाडायचं असतं. यादी, प्रवासाचे कागद, बोटीतली जागा, सगळं वाटाघाटी चालू असतानाच ठरायला हवं. सैन्य निघाल्यावर उरतो तो फक्त दिलगिरीचा मसुदा.

फेब्रुवारी २०२२ च्या फ्रेंच कायद्याने छावण्यांत राहिलेल्या हार्कींना आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई देऊ केली. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने बियासच्या छावणीत वाढलेल्या चौघांच्या बाजूने निकाल देताना, फ्रान्सने दिलेली रक्कम अपुरी असल्याचं म्हटलं.