बंड्याला मोटरमन व्हायचंय!

सकाळची ९.४०ची फास्ट. एक पाय कुणाच्या तरी सॅन्डलवर, दुसरा हवेत, पर्स फक्त दातांत धरायची बाकी. आणि नेमका तेव्हाच मावशीचा फोन.

‘‘अगं, याला काहीतरी समजाव. तू पेपरात लिहितेस, तुझं ऐकेल तो.’’

‘‘काय झालं?’’

‘‘ड्रायव्हर व्हायचं म्हणतोय! दहावीला ऐंशीच्या वर टक्के पडतील असं क्लासवाले म्हणतात, आणि हा म्हणतो लोकल चालवणार. शिकूनसवरून ड्रायव्हर?’’

हा म्हणजे बंड्या. माझा मावसभाऊ, वय वर्षं पंधरा, मुक्काम पोस्ट डोंबिवली. (खरं नाव छापलं तर तो आयुष्यभर बोलणार नाही, म्हणून बंड्या.) बाकीची पोरं मोबाइलवर गेम खेळतात तेव्हा हा लोकलचे आवाज ऐकत बसतो. डोळे मिटून प्लॅटफॉर्मवर उभा केला तरी येणारी गाडी सीमेन्सची की बम्बार्डियरची हे मोटरच्या आवाजावरून सांगतो. आम्ही त्याला घरात ‘इंडिकेटर’ म्हणतो.

मावशीच्या त्या ‘शिकूनसवरून ड्रायव्हर’नं मला मात्र बारीकसा चिमटा बसला. माझे बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त होईपर्यंत घाटातल्या रात्रपाळ्या केल्या त्यांनी. शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी दरवर्षी ‘नोकरी’ एवढंच लिहायचे. मावशीला हे माहीत आहे. ती विसरली असणार. पण मी काही बोलले नाही, कारण तेवढ्यात ठाणं आलं आणि आणखी पन्नास जणी आत घुसल्या.

बघा ना, आपण रोजचे दोन-तीन तास या गाड्यांना देतो. सुरुवात आपल्याच अंगणात झाली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली आणि ३ फेब्रुवारी १९२५ला बॉम्बे व्ही.टी. ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली. पण डब्यातल्या दहा जणींना विचारा, मोटरमन व्हायला काय शिकावं लागतं? मलाही माहीत नव्हतं. करिअर फेअरला जा. इंजिनीअरिंग, मेडिकल, एमबीए, अॅनिमेशन, परदेशी युनिव्हर्सिट्यांचे गुळगुळीत ब्रोशर. आपल्याला रोज घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी नेणाऱ्या धंद्याचा स्टॉल मी तरी पाहिलेला नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकात तिथल्या हायवे खात्यानं हायस्कूलच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिरं सुरू केली. कॉलेजच्या कॅम्पसवर राहायचं, पूल, सिग्नल, विमानतळ, बंदर बघायचं, या क्षेत्रात कोण काय काम करतं ते समजून घ्यायचं. आपल्याकडे तसं काही हाताशी नसल्यानं मी ठरवलं, बंड्याचं एका माणसाचं शिबिर आपणच काढू. शनिवार तसाही झोपण्यातच जातो.

पहिला शनिवार कल्याण. बाबांच्या ओळखीचे एक मोटरमन काका तिथे राहतात. स्टेशनबाहेर कटिंग घेत त्यांनी बंड्याला सगळा फंडा सांगितला. थेट मोटरमन म्हणून कुणालाच घेत नाहीत. आधी असिस्टंट लोको पायलट. त्यासाठी दहावी आणि आयटीआय (फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक वगैरे) किंवा इंजिनीअरिंगचा डिप्लोमा, डिग्री. वय किमान अठरा. रेल्वे भरती मंडळाची दोन टप्प्यांची परीक्षा, त्यावर कॉम्प्युटरवरची अॅप्टिट्यूड टेस्ट. या टेस्टची गंमत अशी की तिच्या प्रत्येक भागात वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकात शंभर नंबरी आणि दुसऱ्यात भोपळा, असं चालत नाही. मग ट्रेनिंग, मग मालगाड्या, आणि काही वर्षं रूळ गिळल्यावर कधीतरी लोकल.

‘‘रात्री दोनला कॉल येतो. दिवाळीत ड्युटी असते. आणि...’’ काका थांबले. बंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘सांगू का याला?’’

मी मान हलवली.

‘‘माणसं खाली येतात. ब्रेक दाबला तरी गाडी जागेवर थांबत नाही. आपण बघत असतो.’’ मुंबईच्या उपनगरी मार्गावर २०२३मध्ये आणि २०२४मध्येही दोन हजारांहून जास्त माणसं गेली. आकडे आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. काकांनी आकडा नाही सांगितला. एका निळ्या शर्टाबद्दल सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

मला वाटलं, बंड्या घाबरेल. तो म्हणाला, ‘‘मग तुम्ही पुढच्या दिवशी गेलात ड्युटीवर?’’ काका म्हणाले, ‘‘गेलो.’’ बराच वेळ दोघं चहा ढवळत बसले. कटिंगला साखर आधीच असते हे दोघांच्याही लक्षात नसावं.

निघताना काकांनी सहज विचारलं, ‘‘चष्मा नाही ना रे?’’

‘‘नाही. सिक्स बाय सिक्स.’’

‘‘सही. कारण आमची मेडिकल ए-वन असते, सगळ्यात कडक. चष्म्याशिवाय सिक्स बाय सिक्स लागतं. लेसर करून नंबर घालवलास तरी चालत नाही. आणि रंग तपासून घे एकदा.’’

तर वाचकहो, तुमच्या घरात कुणी नववी-दहावीतलं लोको पायलट व्हायचं म्हणत असेल, तर क्लासची फी भरण्याआधी ही दोन वाक्यं पुन्हा वाचा. कित्येक पोरं आयटीआय करतात, दोन-तीन वर्षं परीक्षेची तयारी करतात, पास होतात आणि मेडिकलच्या टेबलावर हे पहिल्यांदा ऐकतात.

त्याच संध्याकाळी डोंबिवलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. मावशीही आली, भाजीची पिशवी घेऊनच. रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक तुम्ही पाहिलं असेल. पहिल्या पानावर १२ असतो, तो सगळ्यांना दिसतो. बंड्यानं झटक्यात सांगितला. आणखी काही पानं झाली. मग एक पान आलं. मला स्वच्छ ७४ दिसत होता.

बंड्या म्हणाला, ‘‘एकवीस.’’

मी हसले. मला वाटलं मस्करी करतोय. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर बंड्या गप्प. त्याच्या पुढच्या पानावरही गप्प.

लाल-हिरव्यातला फरक त्याला कमी कळतो. आंधळा वगैरे अजिबात नाही, रंग दिसतात, पण काही छटा एकमेकींत मिसळतात. पंधरा वर्षांत कुणाला कळलं कसं नाही? कारण बंड्या सिग्नल जागेवरून ओळखायचा! ‘‘सगळ्यात खालचा लाल असतो ना,’’ तो म्हणाला. बरोबरच आहे, रेल्वेच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये लाल सगळ्यात खाली असतो. मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘दिवसा ठीक आहे गं. पण पावसाळ्यात रात्री लांबून नुसता एक ठिपका दिसतो. वरचा की खालचा ते कळत नाही. त्याचा रंग हीच सगळी भाषा. मागे हजारो माणसं असतात.’’

यावर काय वाद घालणार?

डॉक्टरांनी सांगितलं की हे बहुतेक वेळा आईकडून येतं, म्हणजे आईच्या वडिलांकडून. मुलींना सहसा त्रास होत नाही, त्या पुढे देतात. आमचे आजोबा एक मोजा हिरवा आणि एक तपकिरी घालून लग्नाला गेले होते, ही आमच्या घराण्यातली सर्वात जुनी मस्करी. ती एका सेकंदात मस्करी राहिली नाही. मावशी पिशवीतल्या कोथिंबिरीकडे बघत बसली. जी बाई आठ दिवस ‘ड्रायव्हर नको’ म्हणून भांडत होती, ती रिक्षात म्हणाली, ‘‘माझ्यामुळे झालं गं.’’ (आजोबा माझेही. म्हणजे ते माझ्यातही असू शकतं. हा विचार मला रात्री अडीचला सुचला.)

नंतर दोन आठवडे बंड्या स्टेशनवर गेला नाही. क्लासला चालत जायचा, रुळांपासून लांबच्या रस्त्यानं.

त्या दोन आठवड्यांत मी जे शोधलं ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल, म्हणून सांगते. आधी चांगल्या डोळ्यांच्या मंडळींसाठी. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा हा अजूनही जबरदस्त रस्ता आहे. सुरेखा यादव आठवतात? साताऱ्याच्या. कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. २०११च्या महिलादिनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, २०२५मध्ये निवृत्त झाल्या. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘ती गोष्ट वेगळी.’’ का वेगळी, ते सांगितलं नाही. मेट्रोतही डिप्लोमावाल्यांना वाव आहे, आणि मेट्रो आता नागपूर, पुणे, मुंबई अशी सगळीकडे आहे. मुंबईची भुयारी अॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पोचलीसुद्धा.

पाण्यावर जायचं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी. नवी मुंबईतलं टी. एस. चाणक्य याच युनिव्हर्सिटीचं. फक्त ‘इतके लाख द्या, जहाजावर नोकरी पक्की’ म्हणणाऱ्या एजंटांपासून दहा हात लांब राहा. कंपनीकडे डीजी शिपिंगचं लायसन्स आहे का ते आधी बघा. पायलटचं स्वप्न सर्वात महाग. दोनशे तास उडायचं आणि त्याचं बिल बापाच्या फ्लॅटच्या किमतीकडे सरकायला लागतं. त्यामुळे तिथे तर आधी मेडिकल, मग फी. जहाजाच्या डेकवर काय किंवा कॉकपिटमध्ये काय, रंगदृष्टी तपासतातच.

बारावीनंतर रेल्वेत ऑफिसर होण्याची एक भन्नाट वाट होती. यूपीएससीची परीक्षा द्यायची आणि बिहारमधल्या जमालपूरला शिकायला जायचं. १९२७ पासून चालू असलेली ती वाट गेल्या दशकात बंद झाली. तिच्याबद्दल सांगणारे काका-मामा अजून भेटतात, त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या. आता नवी गोष्ट आहे ती बडोद्याची. २०१८मध्ये तिथे रेल्वे आणि वाहतुकीचं विद्यापीठ सुरू झालं आणि २०२२मध्ये ते गतिशक्ती विश्वविद्यालय या नावानं केंद्रीय विद्यापीठ झालं. बी.टेक.ला जेईई मेनचे गुण लागतात.

पण माझा जीव अडकला तो प्लॅनिंगमध्ये. बस कुठून न्यायची, स्टेशनबाहेर रिक्षा कुठे उभ्या करायच्या, पूल कुठे हवा आणि कुठे उगाच, हे ठरवणारी माणसं कॉलेजात शिकून तयार होतात, हे मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बी. प्लॅनला जेईई मेनचा वेगळा पेपर असतो, टू-बी. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहे. दिल्लीत पुढे खास ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगमध्ये मास्टर्स होतं. आणि तिथे कुणी ठिपक्यांचं पुस्तक पुढ्यात ठेवत नाही.

हे सगळं मी बंड्याला उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘हं.’’

मग मी तोंड बंद केलं आणि त्याला पुण्याला नेलं, कोथरूडला, जोशींच्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्ये. १९९८ पासूनचं आहे. टेबलावर अख्खं शहर आणि त्यातून धावणाऱ्या चिमुकल्या गाड्या. सिग्नल पडतात, फाटकं बंद होतात. बाकीची पोरं इंजिनांना चिकटली होती. बंड्या मागे उभा राहून वेगळंच काहीतरी बघत होता. ‘‘ताई, या गाड्या धडकत का नाहीत? कोण ठरवतं आधी कुणी जायचं?’’

आल्यावर काकांनी त्याला ट्रेन ग्राफ समजावला. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. स्लो गाडीची रेघ आडवट, फास्टची खडी. वेळापत्रक म्हणजे खरं तर अशा रेघांचं चित्र असतं, आपल्या हातात येतो तो फक्त त्याचा तक्ता. आणि ते चित्र काळ्या पेन्सिलीनंही काढता येतं.

मावशीकडे अजून निकाल लागलेला नाही. काकांना (म्हणजे बंड्याच्या वडिलांना, मोटरमन नव्हे) सिव्हिलचा डिप्लोमा पसंत आहे, मावशीला अकरावी सायन्स. ‘ड्रायव्हर’ हा शब्द ती आता वापरत नाही. परवा माझ्या बाबांना तिनं आपणहून विचारलं, ‘‘भाऊजी, घाटात रात्री झोप कशी आवरायचात हो?’’ बाबा एकदम खुलले. तासभर घाटच चालू होता.

बंड्या आतल्या खोलीत जमिनीवर आलेखाचे चार कागद चिकटवून पालथा पडला होता. डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. सकाळी साडेआठ ते साडेदहा. रेघाच रेघा.

‘‘तुझ्या ९.४०च्या आधी अजून एक डोंबिवली फास्ट बसवतोय,’’ तो म्हणाला.

‘‘बसतेय?’’

त्यानं पट्टी सरकवली, दिव्यापाशी बोट ठेवलं. दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या.

‘‘इथे धडकली. खोडरबर दे ना जरा.’’