फ्रेंच बाटली स्वस्त कुठे पडते?

मी लखनौहून बोलतोय. इथून पंचवीसेक किलोमीटरवर दशहरी आंब्याचं मलिहाबाद आहे. तिथले बरेच बागवाले मोहोर आला की अख्खी बाग ठेकेदाराला देऊन टाकतात. रोख रक्कम हाती येते, वादळाची धास्ती ठेकेदाराच्या डोक्यावर जाते; पण पुढचा नफाही त्याचाच. फ्रान्समधल्या द्राक्षबागायतदार कुटुंबापुढेही असाच पेच असतो. द्राक्षं सहकारी संस्थेला किंवा व्यापाऱ्याला द्यायची, की वाइन घरीच करून आपल्या नावाने बाटलीत भरायची?

घरीच वाइन करणाऱ्यांची एक देशव्यापी संघटना आहे. खांद्यावर पिंप घेतलेला माणूस ही तिची खूण. ती बाटलीच्या बुचावरच्या वेष्टनावर दिसते. लेबलवर ‘मिझां बुतेय ओ दोमेन’ असेल, तर वाइन मळ्यातच भरली आहे असं समजा.

अशी बाटली स्वस्त कशी पडते? मधला व्यापारी नसतो, घरची माणसं राबतात, गिऱ्हाईक थेट तळघरात येऊन घेऊन जातं. शिवाय पिंपाचा हिशेब बघा. ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपात ३०० बाटल्या बसतात. नवं पिंप समजा ९०० युरोंचं, तर पहिल्याच खेपेत बाटलीमागे तीन युरो लाकडावरच गेले! छोटे मळेवाले म्हणून बरीचशी वाइन स्टीलच्या किंवा सिमेंटच्या टाकीत करतात. माझ्या मते रोजच्या जेवणाला तीच बरी, फळाची चव तरी लागते.

उरलेली किंमत गावाच्या नावाची. फ्रान्सने १९३५ पासून हे भौगोलिक नामांकन कायद्याने बांधून दिलं. बोर्दो, बर्गंडीतल्या नामांकित गावांचा भाव चढा असतो. लांगदॉक किंवा मुस्कादे घेतलं तर खिसा वाचतो. मुस्कादे आपल्या तळलेल्या सुरमईबरोबर झकास जाते.

हे सगळं फ्रान्समध्ये. भारतात बाटलीबंद वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. म्हणजे ५०० रुपयांची बाटली बंदरातच १,२५० ची. त्यावर राज्याचा कर, दुकानदाराचा नफा. मळेवाल्याने काटकसर करून वाचवलेले दोन युरो इथे कुणाला दिसणार?

म्हणून फ्रेंच द्राक्षाची चव घ्यायची तर नाशिककडे वळावं. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये घरच्या जमिनीवर सुला सुरू केलं. तिथे लावलेली सोविन्यों ब्लां आणि शनँ ब्लां ही दोन्ही द्राक्षं फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातही होतात. मात्र दारू जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. तेव्हा नाशिकच्या बाटलीचा नाशिकमधला भाव लखनौत मिळेल असं धरू नका.

आणि गलौटी कबाबाबरोबर घ्यायची असेल तर थंडगार शनँ ब्लां घ्या. तुरट लाल वाइन मसाल्यापुढे कडवट लागते.