सूर्याचे दप्तर आणि कलावंताचे टेबल

तामिळनाडूतील कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत 1901 पासून सूर्याच्या नोंदी होत आहेत. काचेवरील छायाचित्रे, कॅल्शियम व हायड्रोजन यांच्या विशिष्ट प्रकाशात टिपलेल्या प्रतिमा, निरीक्षकांनी हाताने रेखाटलेले सौरडाग, असे हे दप्तर आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ते जपले व अंकीय स्वरूपात आणले. याच संग्रहातून रोहिणी देवाशर या दिल्लीस्थित कलावंताने 2023 मध्ये ‘वन हंड्रेड थाउजंड सन्स’ ही चार पडद्यांवरील चित्रफीत साकारली. हौशी खगोलनिरीक्षक असलेल्या देवाशर 2012 साली बर्लिनच्या माक्स प्लांक विज्ञान-इतिहास संस्थेत निवासी कलावंत होत्या.

विज्ञानाच्या विदेत कलावंताचे काय काम, असा प्रश्न कोणीही लेखाधिकारी विचारील. त्याचे उत्तर या वेधशाळेच्या इतिहासातच आहे. 1876-78 च्या दुष्काळाने मद्रास व मुंबई इलाख्यांत लाखो माणसे दगावली. सौरडाग आणि पाऊस यांचा संबंध उलगडला तर दुष्काळाची पूर्वसूचना मिळेल, या आशेने सरकारने सूर्याकडे लक्ष वळवले. ती आशा फळली नाही. परंतु 1909 मध्ये जॉन एव्हरशेड यांनी येथेच सौरडागांतील वायूंचा प्रवाह शोधून काढला. पुण्यातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा 1912 मध्ये बंद झाल्यावर तिची मोठी दुर्बीणही येथे आली. एका प्रश्नासाठी जमवलेली नोंद दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते. म्हणून ती कोणी वाचावी, हे आधी ठरवून टाकणे शहाणपणाचे नाही.

शासकीय सेवेत अभिलेखांचे दोनच भवितव्य मी पाहिले: जतन किंवा नाश. जतन झालेला कागदही कोणी उघडला नाही, तर तो नष्ट झाल्यासारखाच. शास्त्रज्ञ प्रतिमेतून मोजमाप काढतो. कलावंत त्याच प्रतिमेवरील ओरखडा, निरीक्षकाचा हात, ढगाळ दिवसाची रिकामी जागा पाहतो. शंभर वर्षे रोज सकाळी यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसांचे श्रम त्यातूनच नागरिकांना दिसतात.

अशी निवासी पदे आपल्या सरकारी विज्ञानसंस्थांत अजून अपवादानेच आढळतात. हवामान विभाग, सर्वेक्षण विभाग आणि वेधशाळा यांनी वर्षाला एका कलावंताला टेबल, मानधन आणि संग्रहाची मुभा द्यावी. अट एकच असावी: त्याच्याकडून प्रसिद्धीची भित्तिपत्रके मागू नयेत. काचपट्ट्यांच्या जतनालाच निधी अपुरा असताना हा खर्च कशाला, ही हरकत रास्त आहे. परंतु ज्या दप्तराची जनतेला ओळख नाही, त्याच्या निधीसाठी संसदेत कोण उभे राहणार?