काळेभोर डोळे आणि रंगीत लेन्स

गेल्या लग्नसराईत मंचरजवळच्या एका गावात लग्नाला गेले होते. नवरी शेजारच्याच घरातली, लहानपणापासून मला ‘काकू, काकू’ करत माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि नवरीनं मान वर केली. पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या आजीनं मला कोपरानं ढोसलं. “अगं, ही आपलीच हाय ना? डोळं असं मांजरावानी कसं झालं हिचं?”

आम्ही हसलो खरं, पण आजीचं काही चुकलं नव्हतं. पोरीचे मूळचे टपोरे काळेभोर डोळे निळसर राखाडी झाले होते. पार्लरवालीनं मेकअपबरोबर रंगीत लेन्स घातल्या होत्या. संध्याकाळपर्यंत डोळे लालबुंद. पाठवणीच्या वेळी ती रडतेय म्हणून बायकाही रडत होत्या, पण निम्मं पाणी त्या लेन्सचंच होतं! दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, तर कॉर्नियाला ओरखडा. पुढे कळलं, की त्याच लेन्स आधी दुसऱ्या नवऱ्यांनाही घातल्या होत्या. वेळेवर उपचार झाले म्हणून निभावलं. पण जेजुरीला जोडीनं देवदर्शनाला गेली, ती काळा चष्मा लावूनच.

मैत्रिणींनो, म्हणून लेन्स घालूच नयेत असं मी म्हणणार नाही. नटण्याची हौस कुणाला नसते? पण साडीवर ब्लाउज जुळवताना आपण दहा दुकानं फिरतो, मग डोळ्यांत घालायची वस्तू निवडताना एवढी घाई का?

आधी रंगाचं बघू. डोळ्यांचा रंग ठरतो तो मेलॅनिन या रंगद्रव्यावर. ते भरपूर असलं की डोळे काळे किंवा गडद तपकिरी, कमी असलं की घारे. आपल्याकडे बहुतेकींचे डोळे गडदच. रंगीत लेन्स साधारण दोन तऱ्हेच्या मिळतात. एक पारदर्शक, फिक्या रंगाची. ती घाऱ्या डोळ्यांवर छान उठून दिसते, काळ्या डोळ्यांवर मात्र दिसतच नाही. काळ्या डोळ्यांना दुसरी, म्हणजे अपारदर्शक रंगाची लागते. तिच्यात मूळ रंग झाकला जातो आणि मध्ये बघायला गोल मोकळी जागा असते.

गव्हाळ किंवा सावळ्या रंगाला मधासारखा, बदामी, चॉकलेटी असे रंग शोभतात. मूळ रंगापेक्षा एक-दोन छटाच उजळ घ्या, म्हणजे डोळे खुलतात आणि उसने वाटत नाहीत. राखाडी किंवा हिरवा हवाच असेल, तर कडेला गडद रेघ असलेली लेन्स बघा. फिकट निळा मात्र काळ्याभोर भुवया-केसांत एकदम परका दिसतो. आणि रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका, दारात येऊन उन्हात आरसा धरा.

आता महत्त्वाचं. बुबुळावरचा काचेसारखा पडदा म्हणजे कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून. लेन्स घातली की ही वाट थोडी अडते. म्हणून लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. नंबर नसला तरी डॉक्टरांकडून डोळ्यांचं माप घ्यायचं, कारण घट्ट किंवा सैल लेन्स टोचते. अमेरिकेत तर २००५ पासून नुसत्या हौसेच्या लेन्सलाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

लेन्स कधीही नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यानं धुवायची नाही. त्या पाण्यातले सूक्ष्म जीव कॉर्नियात गेले, तर दृष्टीच जाऊ शकते. सोल्यूशन रोज ताजं घ्यायचं, डबी तीन महिन्यांनी बदलायची. महिन्याची लेन्स उघडल्यापासून महिन्यानं टाकायची, मग ती दोनदाच घातलेली का असेना. बहिणीबहिणींत साडी वापरा, बांगड्या वापरा, पण लेन्स नाही! आधी हात धुऊन, कोरडे करून लेन्स, मग काजळ-मेकअप. रात्री आधी लेन्स काढायची, मग चेहरा धुवायचा. हळदीला, लाजाहोमाच्या धुरात, चुलीपुढे किंवा कांद्याच्या खळ्यावर लेन्स नकोच.

अजून एक. अंधारात आपली बाहुली मोठी होते, पण लेन्समधली मोकळी जागा तेवढीच राहते. मग कडेचं धूसर दिसतं. आपला जुन्नर-आंबेगावचा उसाचा भाग, संध्याकाळनंतर बिबट्याची धास्ती. रात्री स्कूटीवरून जाताना डोळे धड हवेत, बायांनो!

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, अंधुक दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा आणि डॉक्टर गाठा. मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. आपल्याकडे सोयही जवळ आहे. नारायणगावचं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय ज्यांनी उभं केलं, त्या डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आडनावही कसं अगदी कामाला शोभणारं!

ही मऊ लेन्स ओटो विख्टरले या चेक शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये घरीच, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर बनवली. किती कष्टाची ही वस्तू, तेवढ्याच जपणुकीनं वापरायला हवी.

आमची ती नवरी परवा माहेरपणाला आली होती. डोळ्यांत नुसतं काजळ. आजीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “आता कशी वळखीची दिसतीस!”